गुरुजींच्या गाडीचं साल

इतिहासाचा अभ्यासक कधी फसत नाही. माणसं खोटं बोलतात, कागद खोटे लिहिता येतात. पण वस्तूला खोटं फार वेळ निभावता येत नाही, आणि ती जिथं अडखळते ती जागा अभ्यासकाच्या नजरेतून सुटत नाही. हे मी कऱ्हाडच्या कॉलेजात बी.ए.च्या मुलांना एकोणतीस वर्षं सांगितलं. त्याच एकोणतीस वर्षांत मी देवगडचा म्हणून तीन वेळा भलताच आंबा, मध म्हणून काकवीची बरणी आणि सागवानी म्हणून बाभळीचं कपाट घरी आणलं. कपाट अजून आहे. त्याचं दार पावसाळ्यात उघडत नाही आणि उन्हाळ्यात लागत नाही.

त्यामुळे दोन हजार आठ सालच्या दिवाळीनंतर जुनी गाडी घ्यायचं ठरलं, तेव्हा माझ्या पत्नीने, वैजयंतीने, मला न विचारता कोल्हापूरला तिच्या बहिणीच्या घरी फोन केला. दुसऱ्या दिवशी सकाळी माझे साडू अरविंदराव बावडेकर दारात हजर.

"पोतनीससर, तुम्ही फक्त बरोबर चला," ते म्हणाले. "बोलू नका."

अरविंदराव बांधकामाची कंत्राटं घेत. त्यांनी आजवर आठ गाड्या घेतल्या नि विकल्या होत्या, आणि प्रत्येक वेळी समोरच्याला कसं गुंडाळलं ते सासुरवाडीच्या प्रत्येक पंगतीत सांगितलं होतं. माझं कपाटही त्याच पंगतीत, बहुधा भातानंतर, वाढलं जाई.

गाडी उंब्रजला होती. आम्ही तिघं गेलो. मालक खराडे गुरुजी, निवृत्त मुख्याध्यापक, वय पंचाहत्तर. घरापुढे पत्र्याची शेड, शेडला पडदा, आणि पडद्याआड गाडी. गुरुजींनी पडदा बाजूला सारला तो देवघराचा सारतात तसा.

गाडी चार दारांची, लहान, आणि शेवाळी रंगाची होती. असा रंग मी त्याआधी फक्त विहिरीच्या पायरीवर पाहिला होता. पण चकाकी अशी, की अरविंदरावांनी बॉनेटमध्ये बघून केस सारखे केले.

"आठ पाडवे झाले," गुरुजी म्हणाले. "दोन हजारच्या पाडव्याला नारळ फोडला. बसा, आधी चहा घ्या. गाडी कुठं जात नाही."

गुरुजींच्या पत्नीने, काकूंनी, चहा आणला. त्यांच्याबरोबर एक चौकटीतला फोटोही आला. फोटोत हार घातलेली गाडी, चाकाखाली लिंबं, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, आणि बाजूला टोपी घातलेले गुरुजी. छाती अशी पुढे, की शर्टाचं तिसरं बटण कोणत्याही क्षणी सुटावं.

"आमच्या घरात नवी म्हणून आलेली ही पहिली वस्तू बघा," गुरुजी म्हणाले. "सदरा थोरल्या भावाचा. सायकल मामाची. पाटी कुणाची होती कुणास ठाऊक, तिच्यावर आधीच्याचं नाव कोरलेलं. नोकरी लागली तीसुद्धा एकाच्या बदलीच्या जागेवर. रिटायर होईस्तोवर कोऱ्या वस्तूला हात लावला नव्हता."

"लग्नात मी कोरीच होते," काकू म्हणाल्या.

"तेवढं सोडून."

"सोडून म्हणे. चहा घ्या हो तुम्ही."

सदुसष्टाव्या वर्षी गुरुजी गाडी शिकले होते. आता मोतीबिंदूची दोन्ही डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली होती, पुण्याच्या मुलाने शपथ घातली होती, आणि त्याच्या सोसायटीत गाडी लावायला जागा नव्हती. म्हणून विकायची.

"पण कुणालाही द्यायची नाही," गुरुजींनी वैजयंतीला सांगितलं. "तुम्ही गणिताच्या बाई, हे सर कॉलेजात. मास्तरच्या घरची गाडी मास्तरच्याच घरी जाईल, म्हणून बोलावलं."

चहा संपला. अरविंदराव उठले आणि त्यांनी तपासणी सुरू केली. त्यांची पद्धत मला माहीत होती. ते गाडीभोवती एकदा सावकाश फिरतात, प्रत्येक दारावर बोटाच्या पेराने टकटक करून कान देतात, तेलाचा गज काढून वास घेतात, आणि शेवटी एका चाकाला लाथ मारतात. त्यांनी लाथ मारली तेव्हा काकूंनी "अगं बाई" म्हटलं.

"पत्रा ओरिजनल," अरविंदरावांनी जाहीर केलं. "इंजिन उघडलेलं नाही. दोन हजारचं पासिंग आहे, एकहाती आहे. आणा कागद."

कागदांची पिशवी घेऊन ते आणि वैजयंती ओट्यावर बसले. मी गेलो नाही. कागदांविषयीचं माझं मत आधी सांगितलंच आहे. शिवाय मला बोलायची मनाई होती, पण बघायची नव्हती.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. कॉलेजसमोर अस्लम शिकलगारचं गॅरेज होतं. माझी स्कूटर तिथे महिन्यातून चार दिवस मुक्कामाला असायची, त्यामुळे अस्लमचा नि माझा बराच सत्संग झाला होता. आदल्याच आठवड्यात त्याने मला सांगितलं होतं, "सर, गाडीचं वय मालकाला विचारायचं नसतं, गाडीला विचारायचं. तिच्या अंगावर तारखा असतात. काचेवर असते, टायरवर असते, पट्ट्यावर असते. सगळ्या कोण पुसणार?" इतकी वर्षं मी दुसरं काय शिकवत होतो?

मी खिशातून भिंग काढलं. हे भिंग ताम्रपटांसाठीचं; अक्षराच्या वळणावरून दानपत्राचं शतक मी सांगतो, आणि ते फारसं चुकत नाही.

"काय साडूभाऊ," ओट्यावरून आवाज आला, "शिलालेख सापडला काय?"

"चालू द्या तुमचं," मी म्हणालो.

जवळच्या दाराच्या काचेच्या खालच्या कोपऱ्यात नखाएवढा शिक्का होता. त्यात एक आकडा आणि भोवती ठिपके. आकडा वर्षाचा, ठिपके महिन्याचे, असं अस्लमने सांगितलेलं. आकडा होता आठ.

मी पुढच्या काचेकडे गेलो. आठ. मागची. आठ. दारांच्या चारही. आठ, आठ, आठ, आठ.

सहाच्या सहा काचा यंदा कुणी बदलल्या नसणार; म्हणजे दोन हजार सालच्या गाडीला अठ्ठ्याण्णवच्या काचा. एक पुरावा म्हणजे कुजबुज, असं मी मुलांना सांगतो. काचा कारखान्यात पडून राहिल्या असतील. मी डिकी उघडायला सांगितली.

डिकीत स्टेपनी होती, आणि तिला रस्ता म्हणजे काय हे माहीत नव्हतं. रबरावरचे कोवळे केससुद्धा शाबूत.

"कधी वापरली नाही?" मी विचारलं.

"छे! नवी स्टेपनी खराब कशाला करायची?" गुरुजी म्हणाले. "पंक्चर झालं की चाक काढायचं, एस.टी.नं कऱ्हाडला न्यायचं, काढून आणायचं."

टायरच्या कडेला कोरलेले आकडे मी भिंगाखाली घेतले. दोन हजार सालापासून टायरवर चार आकडे येतात. त्याआधी तीन असत. इथे तीन होते. दोन, नऊ, आठ. एकोणतिसावा आठवडा, साल आठाचं. म्हणजे अठ्ठ्याण्णवचा जुलै.

दोन पुरावे म्हणजे योगायोग असू शकतो. तिसरा पाहिजे.

मागच्या सीटवर कारखान्यातून आलेलं प्लॅस्टिक तसंच होतं. आठ वर्षांत पिवळं पडलेलं, पण काढलेलं नव्हतं. माझ्या बुडाखाली ते करकरलं, तशा काकू आतून म्हणाल्या, "सावकाश हं, फाटेल." मी पट्टा ओढला. तो जन्मात पहिल्यांदाच ओढला जात असावा. थोडा बिचकला, मग पूर्ण बाहेर आला. त्याच्या मुळाशी शिवलेली कापडी चिठ्ठी होती. तिच्यावर स्वच्छ छापलेलं: जुलै, अठ्ठ्याण्णव.

मी त्या प्लॅस्टिकवर मिनिटभर बसून राहिलो. आयुष्यात पहिल्यांदा माझी विद्या कॉलेजच्या फाटकाबाहेर लागू पडली होती. आठ गाड्या विकणाऱ्या माणसाने दारं वाजवली, तेल हुंगलं, लाथ मारली, आणि त्याला जे कळलं नाही ते मी एका भिंगाने शोधलं होतं. ही गाडी आठ वर्षांची नव्हती, दहाची होती. हे मी आता बाहेर जाऊन, सगळ्यांसमोर, अरविंदरावांच्या तोंडावर सांगणार होतो. यापुढे सासुरवाडीच्या पंगतीत कपाट निघणार नव्हतं. निघालंच, तर त्यापाठोपाठ ही गाडी निघणार होती.

मी दार उघडलं. बाहेर गुरुजी उभे होते, हातात पिवळं फडकं. माझी बोटं जिथे जिथे काचेला लागली होती, तिथे ते पुसत होते.

पुरावा उलटतपासायची सवय वाईट. मी विचारलं, "गुरुजी, गाडी घेतली कुठून?"

"आमचा बाळ्या तोडकर. त्याच्या शोरूममधनं."

"ओळखीचा?"

"ओळखीचा काय, माझ्या हाताखालचा! सातवीत तीनदा बसला. तिसऱ्यांदा मी शाळा सुटल्यावर त्याला घरी बोलावून भूमिती शिकवली. ही जेवू घालायची. आज तीन तालुक्यांत गाड्या विकतो." गुरुजींनी फडकं झटकलं. "मी गेलो तर खुर्चीवरनं उठून पाया पडला. म्हणाला, गुरुजी, तुमची गाडी मी ठेवलीय, दुसरी कुठली बघूच नका."

"आणि तुम्ही बघितली नाही?"

"कशाला बघू? पोरगं माझं आहे."

मी त्यांच्याकडे पाहिलं, मग ओट्यावरच्या फोटोकडे. तिसरं बटण अजून टिकून होतं.

मला जे सापडलं होतं त्याचा अर्थ तेव्हा कुठे पुरता उमगला. जेवू घालून शिकवलेल्या पोराने मास्तरला दोन वर्षं धूळ खात पडलेला माल नवा म्हणून गळ्यात बांधला होता. आणि या माणसाच्या घरात आलेली एकुलती एक नवी वस्तू नवी नव्हती, हे जगात फक्त दोघांना माहीत होतं. त्यातला एक तोडकर आणि दुसरा मी.

ओट्यावरून अरविंदराव उतरले. मागून वैजयंती. सगळे गाडीभोवती जमले.

"ठरलं," अरविंदराव म्हणाले. "भाव मी आणि वैजूनं मिळून केलाय, गुरुजी तयार आहेत. बोला सर, बंदी उठवली. सापडलं का काही तुमच्या दुर्बिणीत?"

"भिंग आहे ते."

"तेच ते. इतका वेळ आत बसलात, म्हटलं काहीतरी शतक-बितक काढून आणणार."

वैजयंती माझ्याकडे बघत होती. अशा वेळी तिच्या चेहऱ्यावर जे असतं, ते होतं: हा आता काय बोलणार याची काळजी, आणि थोडी आशा. काकू चौकटीचा फोटो पदराने पुसत होत्या. गुरुजी हसत उभे होते. परीक्षेत काय येणार हे माहीत असलेल्या मुलासारखे निर्धास्त.

जुलै, अठ्ठ्याण्णव. शब्द जिभेवर आले होते. नुसते दोन.

"सापडलं ना," मी म्हणालो. "गाडी आहे म्हणतात तशीच आहे."

"बघा!" अरविंदरावांनी वैजयंतीला टाळी दिली. "मी पाच मिनिटांत सांगितलं, यांनी तासभर घेतला."

गुरुजींनी किल्ली माझ्या हातात ठेवली आणि दुसरा हात माझ्या मुठीवर दाबून धरला. काकूंनी गाडीला हळदकुंकू लावलं. मग डोळ्याला पदर. गुरुजी म्हणाले, "मागचं प्लॅस्टिक तुम्हाला काढायचं तर काढा. माझ्याच्यानं झालं नाही."

परतताना अरविंदराव गाडी चालवत होते आणि कऱ्हाडपर्यंत बोलत होते. मी मागे प्लॅस्टिकवर बसलो होतो. मला एकदाही वाईट वाटलं नाही. उलट, सांगायला हरकत नाही, मला स्वतःचा इतका अभिमान त्याआधी कधी वाटला नव्हता. पुरावा शोधणारे पुष्कळ असतात. हातातला पुरावा गिळणारा एखादाच.

प्लॅस्टिक मी काढलं नाही.

पुढची सहा वर्षं मी ते गुपित नीट सांभाळलं. पंगतीत अरविंदराव सांगत, "पोतनीसांची गाडी मी पसंत केली," आणि मी कोशिंबीर वाढून घेई. वर्गात मात्र माझ्या तोंडून एक नवं वाक्य जाऊ लागलं: "इतिहासकाराची खरी कसोटी तो काय सांगतो यात नसते, काय सांगत नाही यात असते." मुलं ते उत्तरपत्रिकेत लिहीत. एकाने तर त्यालाच अधोरेखित करून बाकीचा प्रश्न सोडून दिला. मी त्याला पास केला.

दोन हजार चौदात गुरुजींचं सहस्रचंद्रदर्शन झालं. आम्ही शेवाळी गाडीतूनच गेलो. गुरुजींनी आधी गाडीची विचारपूस केली, मग आमची. मंडपात एक जाडसर, सोन्याचं घड्याळ घातलेला माणूस वाढप्यांवर देखरेख करत होता.

"सर, या, हा बाळ्या," गुरुजी मला म्हणाले. "बाळकृष्ण तोडकर. आजचं जेवण त्याचं."

मी नमस्कार केला. माझा नमस्कार कोरडा होता. सहा वर्षं मी तो याच्यासाठी राखून ठेवला होता.

"ही ती गाडी?" तोडकर माझ्या मागे बघत म्हणाला. "अजून पळते? गुरुजी, कमाल आहे!"

"पळणारच," गुरुजी म्हणाले. मग माझ्याकडे वळून, अगदी सहज: "सर, दोन वर्षं हिला गिऱ्हाईक नव्हतं. हा रंग बघून लोक परत जायचे. बाळ्या म्हणाला, गुरुजी, अठ्ठ्याण्णवचा माल आहे, पडून आहे, तुम्हाला नवी म्हणून विकायची मला लाज वाटते, निम्म्यात न्या. मी म्हटलं, हिच्यावर कुणी बसलंय का? तो म्हणाला, नाही. म्हटलं, मग नवी म्हणजे आणखी काय असतं?"

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हणालो.

"म्हणजे काय! तुमच्या बाईंना नि कोल्हापूरच्या पाव्हण्यांना तेव्हाच सांगितलं की. व्यवहारात लपवाछपवी नको."

मी वैजयंतीकडे वळलो. ती काकूंना साडी देत होती.

"तुला माहीत होतं? अठ्ठ्याण्णवचं?"

"हो. त्याच हिशेबानं तर भाव केला." तिने पिशवीची घडी केली. "आरसी बुकातच छापलंय, उत्पादनाचा महिना नि साल. दुसरं पान. अहो, तुम्ही वाचलं नव्हतं?"

"मी काचा वाचत होतो."

"काचा?"

"काही नाही."

तिने पिशवी काखेत मारली. मग म्हणाली, "चला, पानं वाढलीत." आयुष्यात एका खरेदीत मी फसलो नव्हतो, आणि आमच्या घरात तेवढी एक गोष्ट फक्त मला ठाऊक नव्हती. जेवण चांगलं होतं. तोडकरने मला आग्रहाने दुसरी जिलबी वाढली आणि मी ती खाल्ली.

त्यानंतर तीन वर्षांनी गाडीचा खालचा पत्रा गंजून सुटला. अस्लम म्हणाला, आता हिच्यावर खर्च करू नका. भंगारवाला आला, त्याने गाडीभोवती एक फेरीही मारली नाही. कुठल्या सालची, हे सांगायला मी तोंड उघडलं, तेव्हा त्याने हात वर केला आणि मजुरांना दोरी बांधायला सांगितली. वजनकाट्यावर ती सहाशे दहा किलो भरली.